खुनाचा खटला आणि कबुलीचा करार: हेडलीला ३५ वर्षं, कसाबला फाशी

तळटीप
२६/११च्या प्रकरणात दोघांनी न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला आणि दोघांचं पुढे जे झालं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला कसाब. २० जुलै २००९ रोजी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालू असताना तो उभा राहिला आणि गुन्हा कबूल आहे म्हणाला. न्यायाधीश टहलियानी यांनी कबुली नोंदवून घेतली, पण ती अपुरी आहे असं म्हणून खटला पुढे चालूच ठेवला. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात ती अमलात आली.

दुसरा डेव्हिड हेडली. मुंबईत वारंवार येऊन हल्ल्याच्या ठिकाणांचं चित्रीकरण करणारा, ते लष्कर-ए-तैयबाला पुरवणारा. ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्याने बाराही आरोप कबूल केले. त्यातले सहा आरोप मुंबईत मारल्या गेलेल्या सहा अमेरिकन नागरिकांच्या खुनाला साहाय्य केल्याचे होते. बदल्यात अमेरिकी सरकारने दोन गोष्टी दिल्या: मृत्युदंड मागणार नाही, आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या हवाली करणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश हॅरी लाइननवेबर यांनी 'हा माणूस बदललाय यावर माझा विश्वास नाही' अशा अर्थाचं बोलून दाखवलं, तरी ३५च. सरकारी वकिलांची मागणीच ३० ते ३५ची होती.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातही तेच. चार विद्यार्थ्यांच्या खुनाचा खटला उभा राहायच्या तोंडावर ब्रायन कोबर्गरने कबुली दिली, फाशी टळली, चार जन्मठेपा एकापाठोपाठ एक, पॅरोल नाही.

माझे प्रश्न दोन. खुनाच्या गुन्ह्यात असा करार आपल्या कायद्यात चालतो का? आणि चालत नसेल तर चालायला हवा का? कायद्याचे जाणकार असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

शंकासुर
खून केला, कबूल केला, लटकवा. कबुलीबद्दल सूट कसली? उलट कबुलीमुळे शंकेला जागाच उरत नाही.

अर्धवट
शंकासुर साहेब, कबूल केल्यावर लटकवणारच असाल तर कबूल कोण करेल?

काळाकोट
सेशन्समध्ये बचावाच्या बाजूने काम करतो, तेव्हा माझा चष्मा कुठला आहे ते आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याचा करार, २००५च्या दुरुस्तीने आलं आणि जुलै २००६ पासून लागू झालं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रकरण २१-अ, कलमं २६५-अ पासून पुढे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २८९ ते ३००. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांहून जास्त कैद सांगितली आहे, तिथे हे दार बंद. स्त्रियांविरुद्धचे आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हेही बाहेर.

आता हे माणूस मरण्याच्या गुन्ह्यांना लावून बघा. खून (आधीचं ३०२, आता भारतीय न्याय संहितेचं १०३): फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे बाहेर. खून या सदरात न बसणारा सदोष मनुष्यवध (आधीचं ३०४, आता १०५): उद्देश असेल तर (जुन्या ३०४चा पार्ट वन) जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, नुसती जाणीव असेल तर (पार्ट टू) १० वर्षांपर्यंत. तोही बाहेर. उरतो तो निष्काळजीपणाने झालेला मृत्यू, आधीचं ३०४-अ, आता १०६. तिथे कमाल शिक्षा आधी दोन वर्षं होती, आता पाच. एवढाच आत येतो.

तो आत आला की काय होतं? नव्या संहितेत किमान शिक्षा सांगितलेली नसेल तर न्यायालय कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांशापर्यंत खाली येऊ शकतं, पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांशापर्यंत. पाच वर्षांचा एक षष्ठांश म्हणजे दहा महिने. भरधाव गाडीखाली माणूस गेला आणि गुन्हा १०६(१)मध्येच बसला, तर हिशेब इथपर्यंत येऊ शकतो. म्हणून अशा केसमध्ये खरी लढाई शिक्षेची नसते, कलमाची असते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात जण गाडीखाली गेले. सेशन्स कोर्टाने ३०४-अ धरून सहा महिने दिले. हायकोर्टाने ३०४ पार्ट टू धरून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. घटना तीच, पुरावा तोच.

तळटीप
उत्तम माहिती. पण कसाबने तर सरळ कबूल केलं होतं, त्यात करार नव्हता. ती कबुली स्वीकारून न्यायालय लगेच शिक्षा का देत नाही?

काळाकोट
आरोपीने दोषी असल्याचं सांगितलं तर न्यायाधीश त्यावरून दोषी ठरवू 'शकतात', तसं बंधन नाही. खुनासारख्या गुन्ह्यात अनुभवी न्यायाधीश सहसा तसं करत नाहीत. कबुली कुणी दबावाने दिली, कुणी भावाला वाचवायला दिली, कुणाला आपण नेमकं काय कबूल करतोय हेच कळलेलं नसतं. पुरावा घेऊनच पुढे जायचं, हा संकेत. कसाबची कबुली तर चक्क सोयीची होती. बराचसा दोष त्याने मेलेल्या साथीदारावर ढकलला होता.

दूरदेशी
अमेरिकेत राहतो, ज्यूरी ड्यूटी केलेली आहे (चोरीच्या केसमध्ये, खुनाच्या नव्हे). इथलं चित्र थोडक्यात: खटला हा अपवाद आहे. २०१२च्या लाफ्लर विरुद्ध कूपर आणि मिसूरी विरुद्ध फ्राय या निकालांत इथल्या सुप्रीम कोर्टानेच नोंदवलंय की फेडरल शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीतून येतात.

लाफ्लरची केस तर अजबच. कूपरने एका बाईवर गोळ्या झाडल्या, ती वाचली. सरकारने ५१ ते ८५ महिन्यांचा प्रस्ताव दिला. त्याच्या वकिलाने सांगितलं, घेऊ नकोस, गोळ्या कमरेखाली लागल्यात, ठार मारायचा उद्देश सिद्धच होणार नाही. खटला चालला, १८५ ते ३६० महिने झाले. कोर्ट म्हणालं, वकिलाचा चुकीचा सल्ला हाही हक्कभंगच.

थोडक्यात, इथे 'गुन्ह्याची शिक्षा' असं काही नसतं. कबूल केल्याची एक शिक्षा आणि खटला लढवल्याची दुसरी.

शंकासुर
म्हणजे ज्याने निर्दोष असल्याचं म्हणण्याचा हक्क वापरला त्याला तिप्पट? हा कुठला न्याय?

अर्धवट
शंकासुर आरोपीच्या हक्कांबद्दल बोलले! धागा वाचनखुणेत साठवला.

दूरदेशी
शंकासुर, नेमकी हीच टीका इथे पन्नास वर्षं चालू आहे. आणि खुनात ती जास्त टोचते, कारण टेबलावर दुसऱ्या बाजूला मृत्युदंड ठेवलेला असतो. हेन्री अल्फर्डची केस वाचा. नॉर्थ कॅरोलायना, १९६३चा खून. पुरावा विरोधात होता. तो कोर्टात म्हणाला, मी मारलेलं नाही, पण नाही कबूल केलं तर गॅस चेंबरमध्ये घालतील, म्हणून दुसऱ्या श्रेणीचा खून कबूल करतो. ३० वर्षं झाली. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने ही कबुली वैध ठरवली. तेव्हापासून 'मी निर्दोष आहे, पण दोषी असल्याची नोंद करा' असं म्हणायची सोयच झाली.

ती सोय २०११ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या वेस्ट मेम्फिसच्या तिघांनी वापरली. तीन लहान मुलांच्या खुनात १९९४ मध्ये ही पोरं दोषी ठरली होती, एक जण फाशीच्या कोठडीत होता. पुढे डीएनए तपासणीत तिघांशी जुळणारं काही सापडलं नाही, नव्या सुनावणीची शक्यता दिसायला लागली, तेव्हा सरकारने प्रस्ताव ठेवला: कागदावर दोषी म्हणा, भोगलेली १८ वर्षं शिक्षेत धरू, आजच घरी जा. तिघांनी घेतला. सरकारची नुकसानभरपाई वाचली आणि 'मग खरा खुनी कोण' हा प्रश्न फायलीत बंद झाला.

निवांत
दुसरी बाजूही लिहा की. वॉशिंग्टन राज्यातलं ग्रीन रिव्हर प्रकरण. गॅरी रिजवेने २००३ मध्ये ४८ खून कबूल केले. सिएटलच्या बाजूचे सरकारी वकील नॉर्म मेलेंग यांनी आधी 'फाशीवर सौदा करणार नाही' असं जाहीर केलं होतं. मग दिसलं की पुरावा मोजक्याच खुनांचा आहे आणि बाकीच्या बायकांचं काय झालं ते त्याच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तेव्हा जन्मठेपेवर मान्य केलं, अट ही की सगळं सांगायचं, मृतदेह कुठे टाकले ते दाखवायचं. वीस वर्षं मुलीची वाट बघणाऱ्या आईला निदान अंत्यसंस्कार करता आले. फाशीचा हट्ट धरला असता तर हे झालं असतं का?

शंकासुर
४८ खून करून फाशी नाही. मग एक खून करणाऱ्याला त्याच राज्यात फाशी कुठल्या तोंडाने देणार?

निवांत
बरोबर पकडलंत. वॉशिंग्टनमधल्या फाशीच्या आरोपींच्या वकिलांनी पुढे अगदी हाच मुद्दा कोर्टात मांडला. २०१८ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने फाशीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. अर्थात त्यामागे वंशभेदाची आकडेवारी हे मुख्य कारण होतं.

तळटीप
आयडाहोत मृतांच्या कुटुंबांतच फूट पडली होती. एका कुटुंबाने उघड विरोध केला की आम्हाला विश्वासात घेतलं नाही. दुसरं म्हणालं, खटला नको, सुटका झाली. आणि खून का केले हे सांगायची अट करारात नव्हतीच, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्या कबुलीत रिजवेसारखं कुणाच्या हाती काय लागलं? वर्षानुवर्षांची अपिलं टळली, एवढंच.

काळाकोट
इथे एक गंमत बघा. अमेरिकेत खुनाच्या करारात मृताच्या नातेवाइकांना बोलण्याचा, कळवलं जाण्याचा हक्क असतो, नकाराधिकार नसतो. आपल्याकडे किरकोळ गुन्ह्यांसाठी जे प्ली बार्गेनिंग आहे त्यात मात्र सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी यांच्या बरोबरीने पीडितालाही टेबलावर बसवलंय. सगळ्यांचं समाधान होईल असा तोडगा निघाला तरच पुढे जाता येतं. म्हणजे पीडिताला इतकी मोठी जागा देणारा कायदा केला आणि तो अशा गुन्ह्यांपुरता ठेवला जिथे एरवीही दंड भरून लोक सुटतात. प्रत्यक्षात या तरतुदीचा वापर फारच कमी होतो. आमच्याकडे अशील विचारतो, "साहेब, कबूल का करू? साक्षीदार येतील तेव्हा बघू."

आणि आपल्या सुप्रीम कोर्टाला ही कल्पना मुळात आवडत नव्हती. १९७६ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलेच कोरडे ओढलेत. केस महाराष्ट्रातलीच, खुरासणी तेलातल्या भेसळीची. पुढे कायदा आयोगाचे अहवाल आले, २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठीची मलिमथ समिती आली, आणि तुंबलेले खटले व भरलेले तुरुंग हे कारण देत दार किलकिलं झालं.

पारावरचा
सगळे विसरताय. खुनात करार आपल्याकडेही होतो आणि जुना आहे. माफीचा साक्षीदार.

पुण्यातलं जोशी-अभ्यंकर प्रकरण आठवा. १९७६-७७ मध्ये दहा खून. अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्यातलाच एक, सुहास चांडक, माफीचा साक्षीदार झाला. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. चांडकला नाही. कोल्हापूरचं गावित बहिणींचं प्रकरण: रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार, दोघी बहिणींना फाशी. (ती पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली.) शीना बोरा प्रकरणात ड्रायव्हर. हे करार नाहीत तर काय? आणि अमेरिकेत निदान ३५ वर्षं तरी देतात, आपण तर संपूर्ण माफी देतो.

दूरदेशी
+१. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

तळटीप
आणि हेडली! तोही डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या कोर्टात माफीचा साक्षीदार झाला. २६/११चाच आणखी एक आरोपी अबू जुंदाल याच्या खटल्यात. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तुरुंगातून व्हिडिओवर साक्ष दिली. उज्ज्वल निकम प्रश्न विचारत होते, रोज वर्तमानपत्रात यायचं. म्हणजे एकाच गुन्ह्यासाठी त्याने दोन देशांशी दोन करार केले.

काळाकोट
पारावरचा यांनी नेमकं बोट ठेवलं. पण दोन्हींतला फरक मोठा आहे.

एक, माफी पोलीस देत नाहीत, न्यायालय देतं. अट ही की त्याला माहीत असलेलं सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं. लपवलं किंवा उलटला तर त्याच खुनासाठी त्याच्यावर खटला चालू शकतो. जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तो आतच राहतो. दोन, नुसत्या त्याच्या शब्दावर न्यायालय सहसा कुणाला दोषी धरत नाही, महत्त्वाच्या बाबींत दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा बघतं. शेवटी तोही त्याच पापातला भागीदार, स्वतःची मान सोडवायला दुसऱ्याची अडकवणारा.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. माफी दुसऱ्या आरोपीविरुद्ध साक्ष देण्यासाठी असते. एकट्याने खून केला तर माफीचा साक्षीदार होता येत नाही. कोबर्गर भारतात असता तर त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. म्हणजे आपली व्यवस्था टोळीतल्या माणसाशी करार करते, एकट्याशी करत नाही. रागाच्या भरात एक घाव घालून बसलेल्या माणसाला कसलीच वाट नाही, आणि कटात पहिल्यापासून असलेला, पण आधी शहाणा झालेला, मोकळा.

मोगरा_पांढरा
बरेच दिवस वाचत होते, आज लिहिते.

माझ्या मामाचा खून झाला. बांधावरून भांडण, कुऱ्हाड, संपलं. गुन्हा ३०२चा. खटला उभा राहायलाच काही वर्षं गेली, मग तारखा. मामी प्रत्येक तारखेला एसटीने जायची. आरोपीचे नातेवाईक स्टँडवर भेटायचे. आधी दमदाटी, मग 'किती हवेत ते बोला'. मामीने घेतले नाहीत. पण प्रत्यक्ष पाहणारे दोघे शेजारी होते, ते कोर्टात म्हणाले आम्ही काही पाहिलं नाही, पोलिसांनी काय लिहिलं माहीत नाही. फितूर. शेवटी कोर्ट म्हणालं अचानक झालेलं भांडण, ३०४ पार्ट वन, सात वर्षं. त्यातली बरीचशी त्याने आत काढलेलीच होती.

तुम्ही सगळे विचारताय करार असावा का. झाला की आमच्याकडे. फक्त तो स्टँडवर झाला आणि शेजाऱ्यांशी झाला. त्या माणसाने पहिल्या महिन्यात कोर्टात उभं राहून 'मी मारलं' म्हटलं असतं आणि दहा वर्षं घेतली असती, तर मामीला ते चाललं असतं. तिला तेवढंच ऐकायचं होतं.

शंकासुर
ताई, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

निवांत
मोगराताईंच्या प्रतिसादाने धागा जिथे यायला हवा तिथे आला. खुनासाठी करार नाही असं कायदा म्हणतो, म्हणजे न्यायाधीशाच्या समोर नाही. पाठीमागे साक्षीदारांचा बाजार आहेच. समोर आणला तर निदान नोंद राहील, न्यायाधीश आरोपीला एकटं बसवून विचारेल की दबाव आहे का, मृताच्या घरचं माणूस टेबलावर असेल. निदान खून या सदरात न बसणाऱ्या सदोष मनुष्यवधाला तरी, १०५ला, ही सोय द्यावी.

काळाकोट
भावना समजतो, तरी माझा विरोध आहे. कारण सांगतो.

आपल्या तुरुंगांतल्या चारांतले जवळपास तीन कैदी कच्चे आहेत, दोषी ठरलेले नाहीत. खुनाच्या आरोपात जामीन लवकर मिळत नाही. अमेरिकेत सरकारी वकील फाशीची भीती दाखवून कबुली घेतो. इथे त्याला तेवढंही करावं लागणार नाही. आरोपी चार-पाच वर्षं आत सडलेला, खटल्याला सुरुवात नाही, घरी कमावणारं कुणी नाही, आणि प्रस्ताव येतो: कबूल कर, सहा वर्षं, त्यातली पाच झालीच. निर्दोष माणूसही सही करेल. मी असलो तर मीही करेन. पैसेवाला मात्र मोठा वकील लावून लढेल आणि त्याचे साक्षीदार फितूर होतीलच, कारण करार आल्याने बाजार बंद होणार नाही. म्हणजे गरिबांसाठी करार आणि श्रीमंतांसाठी खटला.

ज्याच्या जामिनाचा आणि खटल्याच्या वेगाचा प्रश्न सुटलेला नाही, त्याच्याशी करार करायला बसणं म्हणजे त्याचा हात पिरगाळूनच बसणं.

निवांत
मग इंग्लंडसारखं करा. तिथे सौदा नाही, सूट आहे, आणि ती आधीच छापलेली आहे. खुनाला जन्मठेप सक्तीची, न्यायाधीश ठरवतो किमान किती वर्षं आत. लवकर कबूल केलं तर त्या किमान मुदतीतून जास्तीत जास्त एक षष्ठांश, आणि कितीही झालं तरी पाच वर्षांहून जास्त नाही. मरेपर्यंत आत ठेवण्याच्या आदेशाला सूटच नाही. वकिलाने हात पिरगाळायला वाव कमी, कारण आकडा त्याच्या हातात नाही.

काळाकोट
हे जास्त पटतं. पण आपल्याकडे 'किमान किती वर्षं' हेच आधी ठरलेलं नसतं.

अर्धवट
का? जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना?

काळाकोट
हा गैरसमज सगळ्यांत टिकाऊ! जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. १९६१ मध्ये गोपाळ गोडसेंच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. १४ हा आकडा येतो तो वेगळ्या कलमातून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर सरकार शिक्षेत सूट देऊन १४ वर्षांच्या आत सोडू शकत नाही. १४ला सोडलंच पाहिजे असं नाही. राज्य सरकार आपल्या धोरणानुसार ठरवतं, त्यात शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवायचं असतं.

आणि हे कसं फसतं ते बिल्किस बानो प्रकरणात दिसलं. खटला मुंबईत चालला, शिक्षा मुंबईत झाली, पण ११ जणांची शिक्षा गुजरात सरकारने माफ केली. ८ जानेवारी २०२४ला सुप्रीम कोर्टाने ती सूट रद्द केली, कारण अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता.

या अनिश्चिततेमुळेच २००८ मध्ये श्रद्धानंद प्रकरणात कोर्टाने मधली वाट काढली: फाशी नाही, पण सुटकाही नाही, मरेपर्यंत. २०१५च्या घटनापीठाने अशा ठरावीक मुदतीच्या जन्मठेपेला मान्यता दिली. आता '२५ वर्षं सूट नाही', '३० वर्षं सूट नाही' असे आदेश येतात. तो आकडा कशावरून काढला हे विचारू नका.

पारावरचा
आणि फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात. १९८०चा बचन सिंग निकाल.

काळाकोट
हो. कायद्यात शिक्षेआधी आरोपीचं म्हणणं ऐकायची स्वतंत्र पायरी आहे. खालच्या कोर्टात ती कशी होते? दुपारी दोषी, "आरोपीला काही म्हणायचंय का?", "साहेब, घरी म्हातारी आई आहे, दया करा", संध्याकाळी शिक्षा. त्याचं लहानपण, मानसिक अवस्था, तुरुंगातली वागणूक, काही समोर येत नाही. २०२२ मध्ये मनोज प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीच्या केसमध्ये ही माहिती सरकारनेच गोळा करून द्यायची. ते नीट झालं, आणि फाशीपुरतं न ठेवता सगळ्या खुनांना लावलं, तर कबुलीची सूट कशातून वजा करायची याचा आधार मिळेल.

मोगरा_पांढरा
काळाकोट साहेब, एक विचारू? आम्हाला सरकारी वकिलांनी सांगितलं की शिक्षा कमी झाली तरी तुम्हाला अपील करता येत नाही, फक्त सरकार करू शकतं. खरं आहे का?

काळाकोट
ताई, अर्धं खरं. शिक्षा अपुरी आहे एवढ्याच कारणाने पीडिताला अपील नाही, तो अधिकार सरकारचा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येही तेच सांगितलंय. पण तुमच्या केसमध्ये ३०२चा आरोप असताना ३०४खाली दोषी धरलंय, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यासाठी. त्याविरुद्ध पीडिताला अपील आहे. २००९च्या दुरुस्तीने कलम ३७२ला जोडलेल्या परंतुकाने तो हक्क दिला, नव्या संहितेत तो कलम ४१३मध्ये आहे. मृताचे वारस 'पीडित' या व्याख्येत बसतात, मामी नक्की बसतात. त्यासाठी आधी हायकोर्टाची परवानगीही लागत नाही, २०१८चा निकाल आहे.

निकाल कधीचा आहे? आणि सरकारने अपील केलंय का?

मोगरा_पांढरा
सरकारने केलेलं नाही, एवढं माहीत आहे. निकालाला वर्ष होऊन गेलं. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

काळाकोट
मुदत गेली असणार, पण उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलासोबत देता येतो. कारण खरं असेल आणि नीट मांडलं तर न्यायालय ऐकतं. आता उशीर वाढवू नका. सेशन्स कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढा, फितूर झालेल्या दोघांच्या साक्षींच्या नकलाही घ्या. वकील परवडत नसेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे मामींच्या नावाने अर्ज करा. स्त्री म्हणून त्यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो.

फक्त अपेक्षा जपून ठेवा. प्रत्यक्षदर्शी फिरलेले असताना ३०२ परत येणं अवघड आहे. निकाल वाचल्याशिवाय जास्त बोलणार नाही. खाजगी निरोप पाठवा.

मोगरा_पांढरा
पाठवला. मामी सोमवारी जातेय नकलेसाठी.